२०६ नॉट आउट!

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा, इथे बघण्यासारखं काय आहे? तो सांगेल, पुढच्या कंटेनरचं मागचं दार! पण फाट्यावरून जरा आत गावात वळलात, तर आमच्या अंगणात गेली दीड वर्षं एक वेगळाच पिक्चर चालू आहे. हीरॉइन आहे टाटामोबाइल २०६. मॉडेल १९९०, पासिंग ठाण्याचं, माहेर पुण्याचं.

आता तुम्ही म्हणाल, क्लासिक म्हणजे शेव्हर्ले, डॉज वगैरे पाहिजे ना? असेल बुवा तिकडे अमेरिकेत. आपल्याकडे १९८६ मध्ये ४०७ आली, ती शंभर टक्के ट्रक. १९८८ मध्ये टेल्कोने (टाटा मोटर्स हे नाव २००३ चं) टाटामोबाइल काढली, ती पुढून कार आणि मागून टेम्पो! दोन लिटरचं डिझेल इंजिन, मागे पाटे, खाली ट्रकसारखी चासी. हिच्याच अंगाखांद्यावर पुढे १९९१ ची सिएरा आली. ज्या सिएरावर पब्लिक आजही जीव टाकतं, ती आमच्या पिकअपची धाकटी बहीण आहे, बॉस! २०२५ मध्ये कंपनीने सिएरा हे नाव परत आणलं, तेव्हा टीव्हीसमोर बसलेले बाबा एवढंच बोलले, "मोठीला कुणी विचारलं नाय."

बाबांनी ती सेकंडहँड घेतली १९९६ मध्ये. भाजीचं घाऊक मार्केट त्याच वर्षी वाशीला गेलं. रात्री दोनला निघायचं, महापेमार्गे वाशी, सात वाजता परत. मी शाळेत जायचो तेव्हा माझ्या दप्तराला मेथीचा वास यायचा. लग्नसराईत हौद्यात बेंजोवाले बसायचे आणि अख्खं गाव हळदीला नाचायचं. माझं इंजिनीअरिंग, ताईचं लग्न, घराचा वरचा मजला... सगळं या हौद्यातून उतरलंय.

२०१७ मध्ये ती अंगणात उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला दर महिन्याला चक्कर मारायचा. आईचा त्याला फुल सपोर्ट. मीही जवळजवळ हो म्हणालो होतो. मग २०२४ मध्ये बाबांची बायपास झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचलणं बंद, रात्रीची जागरणं बंद. बाबा काही बोलले नाहीत. फक्त रोज संध्याकाळी जाऊन त्या बंद गाडीत ड्रायव्हर सीटवर बसायचे. दार लावून. एक दिवस मी ऑफिसमधून आलो तर त्यांचा हात गिअरवर होता. मी भंगारवाल्याला फोन करून सांगितलं, परत येऊ नकोस.

रिस्टोरेशनचे व्हिडीओ बघताना जाम सोपं वाटतं. म्युझिक चालू, गंज गायब! प्रत्यक्षात पहिल्या वीकएण्डला पायाखालची मॅट उचलली आणि मला खाली थेट अंगणातली तुळस दिसली. फ्लोअर गेलेला, दाराखालची पट्टी गेलेली, बॅटरीचा ट्रे हातात आला. इथे मी पहिला गाढवपणा केला. स्वस्तातला एक पेंटर पकडला. त्याने गंजावरच जाड लांबी भरली, वर चकाचक रंग मारला. पहिला पाऊस पडला आणि पापडासारखे फुगे! पुन्हा सगळं खरवडलं. गंजका पत्रा कापायचाच असतो, नवा वेल्ड करायचा, मग प्रायमर, आणि लांबी नखाएवढी. हे शिकायला मला एक पावसाळा आणि अर्धा बोनस लागला.

पार्ट्‌ससाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात चार रविवार घालवले. बाबा बरोबर असायचे, पण स्टुलावर बसून. भाव तेच करायचे. मी तोंड उघडलं की किंमत वाढते, असं त्यांचं म्हणणं. (खरं आहे.)

खरं भांडण झालं रंगावरून. मला मॅट ब्लॅक हवा होता. बाबा म्हणाले, "आरसीवर पांढरा लिवलाय, पांढराच." कायद्याने बरोबर, रंग बदलला तर आरटीओत नोंद करावी लागते. पण मुद्दा तो नव्हताच. फाळक्यावर 'आई एकवीरा प्रसन्न' हे रंगवलेलं आहे, ब्रशने, निळ्या सावलीसकट. नेमका तोच पत्रा खालून सडलेला. डेंटर म्हणाला, नवीन टाकतो, वर रेडियमचं स्टिकर मारा. बाबा उठून घरात गेले. शेवटी खालची चार इंच पट्टी कापून बदलली आणि अक्षरं तशीच ठेवली. फिकी, एके ठिकाणी टोमॅटोच्या क्रेटने खरचटलेली. बाकी गाडी नवी दिसते आणि फाळका पस्तीस वर्षांचा. कुणाला विचित्र वाटलं तर वाटू दे.

कागदांचं टेन्शन वेगळंच. २०२१ चा व्हिंटेजचा नियम आहे, पण तो पन्नाशी ओलांडलेल्या, खासगी वापराच्या गाड्यांसाठी. आमचीची पन्नाशी २०४० मध्ये, आणि तीसुद्धा मालवाहू पासिंगवर! म्हणजे दरवर्षी फिटनेस. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची ती फी एप्रिल २०२२ पासून सणसणीत वाढली आहे. वर थकलेला टॅक्स. आईने हिशेब मांडला, एवढ्यात सेकंडहँड वॅगन-आर आली असती. आई बरोबर आहे. मी वाद घातला नाही.

गेल्या महिन्यात इंजिन लावलं. टाकीतला चिखल काढला, फिल्टर बदलले, नोझल चेक केले. तरी सुरू होईना. मेकॅनिक सेल्फ मारून थकला. मग बाबा स्टुलावरून म्हणाले, "एअर धरलीय." फीड पंपाचा हातपंप मारायचा, स्क्रू ढिला करायचा, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्यायचं, मग आवळायचा. हात माझा, डोकं त्यांचं. हीटरचा दिवा विझला आणि त्यांनी किल्ली फिरवली. खोकली, थांबली, परत खोकली... आणि पांढऱ्या धुराने अंगण भरलं! आई ओरडत वाळत घातलेले कपडे काढायला धावली.

फिटनेसची तारीख अजून मिळायची आहे, त्यामुळे सध्या गाडी अंगणातच. गेट ते विहीर, विहीर ते गेट. पहिला गिअर आणि रिव्हर्स. पासिंग झालं की खिडकाळेश्वराला जायचं ठरलंय, जेमतेम काही किलोमीटर. चालवणार कोण, यावर घरात रोज चर्चा होते. डॉक्टरांना विचारून सांगतो म्हटलंय. बाबांनी मात्र परवा नवा हॉर्न आणला. मला न विचारता.