चषक एकाचा, मान दुसऱ्याचा

ऑक्टोबर २०२४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क काउंटीच्या हर्लिंग या काठी-चेंडूच्या गेलिक खेळाचा अंतिम सामना इमोकिलीने जिंकला. हरला सार्सफिल्ड्स. पुढे मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत कॉर्कतर्फे उतरला तोही सार्सफिल्ड्सच! यात लबाडी कसलीच नव्हती. इमोकिली हा मुळात क्लबच नाही. पूर्व कॉर्कमधल्या लहान क्लबांतले चांगले खेळाडू निवडून उभा केलेला तो विभागीय संघ, आणि प्रांतिक स्पर्धा फक्त क्लबांसाठी असते. हरलेल्या सार्सफिल्ड्सने मग सलग तीन वर्षे मन्स्टर जिंकणाऱ्या बॅलीगनरला लोळवले आणि २००९ नंतर प्रथमच हा चषक कॉर्कला आणला.

नवख्याला हा कारभार विचित्र वाटेल. पण गेलिक खेळांत तो समजून घेतल्याशिवाय सुधारणांची भाषा करता येत नाही.

१८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक ॲथलेटिक असोसिएशन आजही हौशी आहे. ८२ हजारांच्या क्रोक पार्कवर रविवारी खेळणारा सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा बांधकामावर हजर असतो. क्लब म्हणजे बहुधा चर्चच्या हद्दीतला गाव. जन्मलो तिथेच खेळायचे. साहजिकच स्पर्धेचे स्वरूप बदलले की साऱ्या गावाचा उन्हाळा बदलतो. २०१७ मध्ये क्लबच्या खेळाडूंनी वेगळी संघटना काढली ती याच कारणाने. काउंटी संघांचे सामने संपेपर्यंत क्लबचा सामना कधी हे कळत नसे. सुट्टी, लग्न, काहीच ठरवता येईना. २०२२ पासून हंगामाचे दोन तुकडे झाले. जुलैपर्यंत काउंटी, नंतर क्लब. आता तारखा निदान आधी कळतात.

तारखा मिळाल्या, तसा वाद स्पर्धेच्या रचनेवर आला. कॉर्कने २०२० मध्ये बारा-बारा संघांच्या श्रेण्या केल्या, प्रत्येकीत चार संघांचे तीन गट. म्हणजे प्रत्येकाला तीन सामने हमखास. ऐकायला छान, पण पहिले दोन हरलेल्या संघाचा तिसरा सामना अनेकदा उपचारापुरता उरतो.

टिरोन काउंटीत याच्या अगदी उलट. तिथे गेलिक फुटबॉलची वरिष्ठ स्पर्धा सोळा संघांची आणि थेट बाद फेरीची. साठ मिनिटांत खेळ खलास! कॅरिकमोरने २००४ आणि २००५ मध्ये लागोपाठ विजेतेपद मिळवले, त्यानंतर जवळपास वीस वर्षे एकाही क्लबला ते राखता आले नाही. हे क्रूर आहे हे खरेच, पण त्याआधी साखळी लीगचे भरपूर सामने झालेले असतात. खेळण्याची भूक लीगने भागवावी आणि चषकाने धाकधूक द्यावी, ही टिरोनची वाटणी गटांच्या हिशेबापेक्षा सरस आहे.

राहिले विभागीय संघ. ते बंदच करा, असे म्हणणाऱ्यांनी किलार्नीजवळच्या फॉसा गावाकडे पाहावे. केरी काउंटीला अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकून देणारा, २०२२ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू डेव्हिड क्लिफर्ड याच गावचा, आणि त्याचा क्लब तेव्हा कनिष्ठ श्रेणीत! जानेवारी २०२३ मध्ये फॉसाने त्या श्रेणीचा अखिल आयर्लंड चषक क्रोक पार्कवर जिंकला. पण तो ज्याच्याकडून खेळला तो ईस्ट केरी हा विभागीय संघ नसता, तर काउंटीच्या वरिष्ठ स्पर्धेत असा खेळाडू दिसलाच नसता. लहान गावातल्या पोराने वरच्या दर्जाचा खेळ करायचा तर एक तर हा रस्ता, नाही तर गाव सोडणे.

मात्र हरलेल्याने झेंडा नेण्याचा तिढा सोडवायला हवा, आणि केरीत तो सुटलेला आहे. तिथे वरिष्ठ क्लबांची स्पर्धा आधी स्वतंत्रपणे होते. २०२२ मध्ये काउंटी जिंकली ईस्ट केरीने, पण मन्स्टरला गेला ट्रॅलीचा केरिन्स ओ'राहिलीज, तोही क्लबांचा विजेता म्हणून. आणि प्रांत जिंकून आला. कॉर्कने ही पद्धत उचलायला काय हरकत आहे? अडचण एकच. केरी शेजारी आहे, आणि शेजाऱ्याकडून काही शिकलो हे कबूल करणे कॉर्ककरांच्या जिवावर येते.