जनरल म्हणजे नेमकं कोण?

एम.ए.च्या प्रवेशासाठी परराज्यात गेलो, तेव्हा पहिल्या यादीत माझं नाव जनरलमध्ये होतं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. बाबांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी दोनदा विचारलं, "नीट बघितलंस ना?"

कागदपत्रं तपासायच्या दिवशी खिडकीतल्या बाबूने जातीचा दाखला उलटून पाहिला आणि म्हणाला, "आप तो कॅटेगरीवाले हो, जनरल में कैसे आ गए?" दुसऱ्या दिवशी सुधारित यादी लागली. माझं नाव एससीच्या यादीत, सर्वांत वर. माझी जागा गेली नव्हती, म्हणून मी गप्प बसलो आणि सही केली. पण मी त्या यादीत वरून शिरलो आणि खालून एक नाव बाहेर पडलं. ती मुलगी हॉस्टेलच्या गेटवर पत्र्याची पेटी घेऊन बसली होती. त्या सहीचा हिशेब मला आजही लागत नाही.

तेव्हापासून 'जनरल' हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. डिक्शनरीत बघा. सगळ्यांना लागू असलेला, सर्वसाधारण, ढोबळ असे त्याचे अर्थ दिसतील, वर सेनापतीही. जनरल स्टोअरमध्ये सगळं मिळतं. जनरल इलेक्शनमध्ये सगळे मत देतात. सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात आपली आई खाटेवर असते आणि आपण खाली चादर टाकून झोपतो. रेल्वेच्या जनरल डब्यात संडासाच्या दारापर्यंत माणसं बसलेली असतात. कोण असतं त्या डब्यात? आपलेच मजूर, आपलीच पोरं. डब्यावर हिंदीत लिहिलेलं असतं, 'अनारक्षित'.

आता हाच शब्द प्रवेशाच्या यादीवर लावा. महाराष्ट्रात आपण ओपन म्हणतो, जाहिरातीत 'अराखीव' किंवा 'खुला प्रवर्ग' छापतात, बाहेर जनरल नाहीतर यूआर म्हणतात. नावं इतकी, पण या एकाच ठिकाणी 'सगळ्यांचं' या शब्दाचा अर्थ 'त्यांचं' असा होतो. धक्के खायचे असतात तेव्हा जनरल आपलं, खुर्ची असते तेव्हा जनरल त्यांचं. आणि आपण 'कॅटेगरीवाले'. जणू जनरल ही कॅटेगरीच नाही, आणि त्यांना जात नाही.

समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ मध्ये या जनरल कॅटेगरीचं चरित्रच लिहायला घेतलं. सवर्णांना जातीचा सगळा फायदा घेऊनही 'आम्ही जात मानत नाही' म्हणता येतं आणि जात फक्त आपल्या कपाळावर उरते, हे त्यांनी उलगडून दाखवलं. शब्दाचं मूळ तर आणखी बोलकं आहे. जनरल हा शब्द लॅटिनमधल्या 'जीनस'वरून आला. जीनस म्हणजे कूळ, वंश, प्रकार. संस्कृतातला 'जन्' धातू त्याच आदिम मुळाचा, आणि 'जाति' हा शब्द 'जन्'वरूनच आलेला. म्हणजे जनरल आणि जात हे शब्द चुलतभाऊ आहेत. जनरलला जात नसते असं कुणी म्हणालं, तर त्याला एवढं सांगा.

इतिहासही विसरू नका. ऑगस्ट १९३२ मध्ये अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले. गांधी येरवड्यात उपोषणाला बसले आणि २४ सप्टेंबरला बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण 'जनरल' मतदारसंघाच्या जागांमधून. म्हणजे आपण वेगळं मागितलं तेव्हा आपल्याला सांगितलं गेलं, तुम्ही जनरलमधलेच आहात. आणि आज आपण मार्क मिळवून जनरलमध्ये येतो, तेव्हा खिडकीतला बाबू विचारतो, जनरलमध्ये कसे आलात?

मग २०१९ ची १०३ वी घटनादुरुस्ती आली. ईडब्ल्यूएसला १० टक्के आरक्षण, त्यातून एससी, एसटी, ओबीसी गरीब वगळलेले. ही राखीव जागाच आहे. पण नीट, जेईईच्या फॉर्मवर तिचं नाव वाचा : 'जनरल-ईडब्ल्यूएस'. आरक्षण मिळालं तरी जनरलपण गेलं नाही. आपण मेरिटने वर आलो तरी कॅटेगरी सुटत नाही.

कायदा मात्र आपल्या बाजूने स्पष्ट आहे. इंद्रा साहनी खटल्यात १९९२ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, खुल्या स्पर्धेत गुणवत्तेवर निवडलेला मागासवर्गीय उमेदवार राखीव कोट्यात मोजायचा नाही. तरीही उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीत खुल्या वर्गातल्या शेवटच्या महिलेपेक्षा जास्त गुण मिळवलेल्या ओबीसी महिलांना खुली जागा नाकारली गेली. डिसेंबर २०२० मध्ये सौरव यादव खटल्यात कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की, खुला म्हणजे सर्वांना खुला. तो कुणाचा कोटा नाही. २८ वर्षांनी तेच वाक्य पुन्हा सांगावं लागतं, यातच काय ते समजा.

ओपनमध्ये आपला एक जण बसला की राखीव यादीतला आणखी एक जण आत येतो. ओपन 'त्यांचं' मानलं की राखीव टक्के ही आपली कमाल मर्यादा होते. ५० टक्क्यांची भिंत कोर्टाने आरक्षणाला घातली आहे, आपल्याला नाही.

म्हणून सांगतो, यादी लागली की आधी ओपनचा शेवटचा गुण बघा, मग आपला. वय, फी, कटऑफची सवलत घेतली असेल तर काही ठिकाणी नियम बदलतात, तेव्हा जाहिरात नीट वाचा. नाव हलवलं तर कारण लेखी मागा. दिलं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. आणि आपली जागा शाबूत आहे म्हणून सही करू नका. मी केली होती.

जय भीम.