हेडफोन आणि विवर्धनाची मर्यादा

जबलपूरच्या मदन महाल टेकडीवर, गोंड राजांच्या गढीनजीक, एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर अगदी थोड्या जागी टेकून उभी आहे. २२ मे १९९७ रोजी शहरास सुमारे ६ परिमाणाचा भूकंप झाला. कित्येक घरे पडली. शिळा ढळली नाही. भूकंपाच्या परिमाणात एका अंकाची भर पडली की नोंदलेले कंपन दसपट होते. ध्वनीचे डेसिबल हे मापही याच जातीचे आहे. त्यात २० ची भर पडली की ध्वनीचा दाब दसपट होतो. शिळेने धक्का सोसला. आपला कान इतका सोशीक नाही. अंतर्कर्णातील रोमपेशी एकदा नष्ट झाल्या की मनुष्यात त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

आज शाळांतून व ग्रंथालयांतून मुले संगणकाला हेडफोन जोडून पाठ ऐकतात. अशा ठिकाणी साउंड कार्डाचे विवर्धन, ज्यास तंत्रज्ञ ‘गेन’ म्हणतात, संस्थेनेच किमान पायरीवर ठेवले पाहिजे. ते मुलांच्या हाती सोडणे योग्य नव्हे, असे आमचे मत आहे.

पडद्यावरील आवाजाची पट्टी आणि विवर्धन या दोन निराळ्या गोष्टी होत. उपलब्ध शक्तीपैकी किती वापरावयाची हे पट्टी ठरविते. मुळात किती शक्ती उपलब्ध असावी हे विवर्धन ठरविते. काही कार्डांवर त्याच्या कमी, मध्यम व उच्च अशा पायऱ्या असतात. उच्च पायरी ३०० किंवा ६०० ओहम संरोधाच्या हेडफोनसाठी असते. नित्य वापरातील हेडफोन बहुधा ३२ ओहमच्या आसपास असतात.

एक उदाहरण घेऊ. एका मिलिवॅटला १०० डेसिबल ध्वनी देणारे दोन हेडफोन आहेत. ३०० ओहमच्या हेडफोनला १ व्होल्ट दाब दिला तर त्यात सुमारे ३.३ मिलिवॅट शक्ती जाते व १०५ डेसिबल ध्वनी निघतो. तोच दाब ३२ ओहमच्या हेडफोनला दिला तर शक्ती ३१ मिलिवॅट होते आणि ध्वनी ११५ डेसिबलवर जातो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मानकात प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबल ४० तास, आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास, अशी मर्यादा आहे. दर ३ डेसिबल वाढीस हा वेळ निम्मा होतो. म्हणजे ११५ डेसिबलचा स्वर अखंड वाजल्यास मुलाची आठवड्याची मर्यादा सुमारे १४ सेकंदांत संपते!

यावर कोणी म्हणेल, विवर्धन उच्च ठेवून पट्टी खाली आणली तर काय बिघडले? पुष्कळ बिघडते. पट्टीचा उपयोगी भाग तळाशी आकसतो, आणि बोटाच्या किंचित स्पर्शाने आवाज उसळतो. संगणकातील प्रणाली नव्याने बसविली, अथवा दुसरा कार्यक्रम सुरू झाला, की पट्टी आपोआप टोकास जाऊ शकते. शिवाय विवर्धकाची स्वतःची खरखरही वाढते. विवर्धनच मर्यादित असेल, तर चूक झाली तरी हानीस आळा बसतो.

रीत सोपी आहे. हेडफोन कानावरून काढून ठेवावे. विवर्धन किमान पायरीवर न्यावे, पट्टी शून्यावर आणावी, मग ओळखीचे भाषण लावावे. हेडफोन कानावर घेऊन पट्टी हळूहळू चढवावी. पट्टी टोकाजवळ नेऊनही शब्द स्पष्ट होत नसतील, तरच हेडफोन काढून, पट्टी पुन्हा शून्यावर आणून, विवर्धन एक पायरी वाढवावे. हेडफोन बदलले की ही सारी कृती नव्याने करावी.

वर्गात गलबला आहे म्हणून आवाज वाढविणे हा उपाय नव्हे. गलबला कमी करावा, किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत. संगणकाची जोडणी करणाऱ्याने ही पायरी ठरवून प्रत्येक यंत्राजवळ लिहून ठेवावी, आणि नव्या सत्राच्या आरंभी शिक्षकाने अथवा ग्रंथपालाने ती एकदा तपासावी. यास काही मिनिटे लागतात आणि खर्च काहीच येत नाही.