परदेशी वर्गात आपले मौन

आमच्या नागऱ्यासारख्या गावातला मुलगा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी विद्यापीठात जातो. तिथे नुसता पेपर लिहून भागत नाही. चार-पाच जणांच्या गटात बसून मत मांडायचे, खोडायचे. त्यालाही गुण असतात. इथे जन्मभर 'गप्प बस' ऐकलेला हा मुलगा तिथेही गप्प बसतो. गटात दुसरा भारतीय असला, की आडनाव विचारले जाण्याची धास्ती वेगळीच! हे मौन म्हणजे बुद्धीची उणीव, असे आम्ही मानत नाही. ही जातिव्यवस्थेने लावलेली सवय आहे.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात, २५ वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीसंस्थेवरच निबंध वाचला. जे लपवावेसे वाटते, तेच त्यांनी वर्गापुढे ठेवले.

२०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. नियमाचे संरक्षण मोलाचेच; पण तोंड आपल्यालाच उघडावे लागेल. म्हणून समाजबांधवांनो, दर रविवारी विहारात वंदनेनंतर तासभर मुलामुलींचे गट करा. विषय द्या, वाद घालू द्या, मोठ्यांनाही खोडू द्या. परदेशातल्या वर्गाची तयारी इथूनच सुरू होईल.