'मानद सवर्ण' बाळू आणि भायखळ्याची १९३७ ची लढत

इव्हॉन गुलागाँग हे नाव आपल्या तरुणांना फारसे माहीत नाही. ऑस्ट्रेलियातल्या विराजुरी या आदिवासी समाजात जन्मलेली ही मुलगी. बाप मेंढ्यांची लोकर कातरणारा मजूर. तिने टेनिसमध्ये १९७१ आणि १९८० अशी दोनदा विम्बल्डन जिंकली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती दक्षिण आफ्रिकेत खेळायला गेली, तेव्हा तिथे वर्णद्वेषी राजवट होती. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बरोबरीने वावरायला बंदी. मग गुलागाँग खेळली कशी? सरकारने तिला 'मानद गोरी' ठरवले! कायदा तसाच राहिला, एका खेळाडूपुरता दरवाजा किलकिला झाला. त्याच काळात आर्थर अ‍ॅश या काळ्या अमेरिकन टेनिसपटूला मात्र त्याच सरकारने व्हिसा नाकारला होता, कारण तो वर्णद्वेषाविरुद्ध उघड बोलत होता.

हे वाचून आपल्याला चीड येते. यायलाच हवी. पण आमचा प्रश्न असा आहे की, ही 'मानद' पदवी फक्त आफ्रिकेतच दिली जात होती का? आपल्या मुंबईत तिच्याही साठ-सत्तर वर्षे आधी एक 'मानद सवर्ण' खेळत होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. समाज चांभार. पुण्यात पारशी क्रिकेटपटूंच्या क्लबात खेळपट्टी झाडण्या-लोळवण्याचे काम त्यांनी केले. नंतर गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. तिथे साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. बॅट हातात मिळायची नाही. फलंदाजी साहेबाची, मेहनत बाळूंची. पण त्या मेहनतीतूनच देशातला पहिल्या दर्जाचा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळू हवे होते. बाळूंनी टाकलेला चेंडू झेलताना कोणाला विटाळ झाला नाही. पण चहाची वेळ झाली की बाळूंना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात. जेवायला ताट वेगळे, टेबल वेगळे. म्हणजे चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! याला आम्ही 'मानद सवर्ण' म्हणतो. जोवर विकेट मिळते तोवर आणि मैदानाच्या रेषेच्या आतच.

पुढे बाळू मुंबईला आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. 'मेरिट, मेरिट' म्हणून आपल्या राखीव जागांवर बोटे मोडणाऱ्यांनी हा आकडा नीट वाचावा. या माणसाला कोणत्याही राखीव जागेने संघात आणले नव्हते.

मग या मेरिटला कप्तानी मिळाली का? नाही. वर्षामागून वर्षे गेली, बाळूंपेक्षा अनुभवाने लहान असलेले सवर्ण कप्तान झाले. १९२० मध्ये बाळूंनाच डावलले गेले, तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढले. दोन उत्तम खेळाडू गमावण्याची वेळ आल्यावर तडजोड झाली आणि बाळूंना उपकप्तानपद मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि संघ जिंकला. मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. दार ११४ बळींनी उघडले नाही. दोन भावांनी एकत्र येऊन 'आम्ही खेळणार नाही' म्हटले, तेव्हा ते हलले. गुणवत्ता एकट्याची होती, हक्क मात्र सामूहिक नकाराने मिळाला.

आता भायखळ्याकडे येऊ. तरुण बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. एक अस्पृश्य माणूस इंग्लंड गाजवून येतो, ही त्या काळी साऱ्या समाजाला उभारी देणारी गोष्ट होती. पण १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाचा प्रश्न आला, तेव्हा वाटा वेगळ्या झाल्या. बाळू हे एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. पुणे करारावर त्यांचीही सही आहे. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघातून बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे राहिले, तेव्हा काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक अवघ्या २,०२० मतांचा.

ज्या समाजाने वर्षानुवर्षे कप्तानी नाकारली, त्याच समाजाच्या पक्षाला तिकीट द्यायला बाळू कसे आठवले? जिमखाना वेगळा, काँग्रेस वेगळी, हे आम्हाला कळते. पण रीत एकच आहे. गोऱ्यांना हरवायचे होते तेव्हा बाळूंची फिरकी हवी होती, बाबासाहेबांना हरवायचे होते तेव्हा बाळूंचे नाव हवे होते. संघ निवडणारे हात दोन्ही वेळा दुसऱ्यांचेच होते. संयुक्त मतदारसंघात आपला माणूस निवडायचा अधिकार आपल्याकडे राहत नाही, हे बाबासाहेब सांगत होते. भायखळ्याच्या मतपेटीने त्याचा दाखला दिला. १९५२ मध्ये लोकसभेला उत्तर मुंबईत तेच झाले. बाबासाहेब काजरोळकरांकडून पराभूत झाले.

बाळूंबद्दल आपल्याकडे दोन सोप्या भूमिका आहेत. एक गट जयंतीला 'पहिला दलित क्रिकेटपटू' म्हणून फोटो टाकतो आणि १९३७ गाळतो. दुसरा गट १९३७ दाखवून त्यांना 'चमचा' म्हणतो आणि मातीचे भांडे गाळतो. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत. ज्या माणसाला आयुष्यभर कौतुक मिळाले पण बरोबरी मिळाली नाही, त्याला 'हेही एक दिवस आपल्याला जवळ घेतील' असे वाटणे समजू शकते. समजून घेणे म्हणजे समर्थन नव्हे. बाळूंचे राजकारण चुकले, असेच आमचे मत आहे. पण ती चूक केवळ त्यांच्या स्वभावाची नव्हती. एकट्यादुकट्याला वर घेऊन बाकीच्यांना खाली ठेवणाऱ्या व्यवस्थेतून ती आली होती.

आज मरीन ड्राइव्हला गेलात तर हिंदू, पारशी, इस्लाम, कॅथलिक अशी धर्माच्या नावांची जिमखान्यांची रांग अजून उभी आहे. आत टेनिसची कोर्टे आहेत, क्रिकेटची मैदाने आहेत. आग्रीपाड्याच्या, नागपाड्याच्या चाळीतले पोर मात्र रस्त्यावर स्टंप म्हणून विटा लावते. त्या पोराला आपण 'खूप मेहनत कर, तूही मोठा होशील' एवढेच सांगत राहिलो, तर आपण आणखी एक बाळू घडवू, आणि तो पुन्हा दुसऱ्यांच्या संघात खेळेल.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. आपला खेळाडू जिंकला की हार जरूर घाला, पण त्याच सभेत विचारा: निवड समितीत आपले किती? प्रशिक्षक किती? महापालिकेचे मैदान कोणाला भाड्याने दिले? आणि एखाद्याला डावलले, तर बाकीचे विठ्ठल-शिवरामांसारखे उठून उभे राहणार का? मान मिळवणे आणि प्रतिनिधित्व मिळवणे यातला फरक कळला, तर बाळूंचे ११४ बळी आणि बाबासाहेबांची १३,२४५ मते, दोन्हींचे मोल आपल्याला राखता येईल.

जय भीम!