कडेवरचे नाव

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्या तळाशी आजोबांचे लढाईतले मेडल असले तर तेही तांब्या-पितळेच्या भांड्यांबरोबर चिंचेत पडते. वाचकहो, यंदा तेवढे मात्र करू नका. माझ्या आजीने आमचे मेडल वर्षानुवर्षे चिंच-राखेने घासले आणि त्यावरच्या घोडेस्वाराचे नाक घालवले. नाकाचे एवढे काही नाही; मेडलाची खरी ओळख असते त्याच्या कडेवर. ती आजीच्या हातून वाचली, म्हणून ही हकीकत सांगतो.

आजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. 1958 साली ते वारले आणि ट्रंक धाकट्या काकांकडे आली. पुढे थोरल्या काकांनी पलीकडच्या आळीत एका जुन्या शिपायाचे मेडल पाहिले. एका अंगाला तोच पंचम जॉर्ज, दुसऱ्या अंगाला तोच घोडेस्वार, 1914 आणि 1918 ही सालेही तीच. फीतसुद्धा तीच, मध्ये रुंद नारिंगी पट्टा असलेली. पण ते मेडल चांदीचे, आणि आमचे तपकिरी! धाकट्या काकांनी नुकतीच नवी सायकल घेतली होती. थोरल्या काकांचा हिशेब तिथल्या तिथे जुळला. तोंडाने ते कधी बोलले नाहीत. पण दिवाळीचा फराळ तेव्हापासून दोन घरांत वेगळा होऊ लागला.

1994 साली मी ते मेडल भिंगाखाली धरले. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, आजोबांचे नाव आणि पुढे 'लेबर कोअर'. नावाचे स्पेलिंग कुणा कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. मग उलगडा झाला. या मेडलाचा ठसा एकच, धातू मात्र दोन. लढणाऱ्या शिपायाला चांदी. आणि हिंदुस्थान, चीन, माल्टा इथून नेलेल्या मजूर पथकांना ब्राँझ. साम्राज्याने मरणाच्या जागी नेतानाही पंगत वेगळी मांडली होती! आमचे मेडल कुणी बदललेले नव्हते.

तेव्हा आधी कड पाहा. पंख पसरलेली देवी आणि इंद्रधनुष्यी फीत असलेले दुसरे मेडल सर्वांनाच ब्राँझचे मिळे. त्यावरून कुणावर संशय घेऊ नका. 1914-15 चा तारा असेल तर नाव पाठीमागे सापडेल. दुसऱ्या महायुद्धातली मेडले ब्रिटिश शिपायांना बिननावाची दिली गेली, पण हिंदी शिपायांच्या मेडलांवर नाव घातलेले असते. नुसता नंबर उपयोगाचा नाही, कारण पूर्वी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालत. पलटणीचे नावही उतरून घ्या. 103, 105, 110, 114, 116 किंवा 117 मराठा असे काही दिसले तर या साऱ्या पलटणी 1922 साली पाचव्या मराठा रेजिमेंटमध्ये एकत्र झाल्या. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे. चौकशीचे पत्र तिकडे धाडावे. आणि साधारण अर्धी वीत रुंदीची, सिंह व उभी स्त्री असलेली जड ब्राँझची तबकडी घरात असेल तर तिच्यावर कुंकवाच्या डब्या ठेवू नका. ती युद्धात मेलेल्याच्या घरी येई. तिच्यावर नाव असते, हुद्दा नसतो.

मी दोन्ही काकांना एकत्र बसवून कड वाचून दाखवली. थोरले काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे बाबांनी बंदूक धरलीच नाही?"

"फावडं धरलं, दादा," धाकटे काका म्हणाले. "मला ते सांगायचे. तुला सांगायची त्यांना लाज वाटे. तू शाळेत सगळ्यांना ते लढले म्हणून सांगून ठेवलं होतंस."

थोरल्या काकांनी मेडल हातात घेतले, धोतराच्या सोग्याने पुसायला गेले आणि थांबले.

"आणि ती सायकल?"

"हप्त्यांनी घेतली होती."