इंजिनाचा उच्छ्वास कोणाच्या खात्यावर?

टर्बो इंजिनात दाब मोठा, म्हणून पिस्टनच्या रिंगांमधून बराच वायू निसटून क्रँककेसमध्ये उतरतो. त्याला वाट न दिल्यास सील गळू लागतात. म्हणून तो पुन्हा हवेच्या वाटेत सोडतात. पण सोबतची तेलाची वाफ इंटरकूलरमध्ये साचते. मग काही हौशी मंडळी ती नळीच उघड्यावर सोडतात. इंजिन स्वच्छ, रस्ता घाण! कॅलिफोर्नियात १९६१ पासून नव्या मोटारींत हा वायू आत वळवू लागले, ते शहरांवरच्या धुरक्यामुळेच.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा जमाखर्च खोटा वाटतो: फायदा मालकाचा, खर्च मात्र पादचाऱ्याच्या फुफ्फुसांच्या नावे. तेल अडवणारा डबा बसवावा, वायू आतच परतवावा, डबा वेळेवर रिकामा करावा. एवढा त्रास नको असेल, तर इंजिनाशी खेळण्याची हौसही नको.